टोक खाली केलेला त्रिकोण

त्रिकोण काढण्यात माझा हात धरेल असा माणूस सांगलीत तरी नाही. हे मी स्वतः म्हणत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना माझ्या हाताखालून गेलेली मुलं म्हणतात. मी पट्टी न लावता फळ्यावर समभुज त्रिकोण काढतो आणि मग एखाद्या चळवळ्या मुलाला उठवून कोनमापकानं मोजायला लावतो. आजवर तक्रार आलेली नाही. म्हणून उंबरघळच्या प्रकरणाचं खापर लोक माझ्यावर फोडतात तेव्हा मनाला लागतं. त्रिकोण बिघडले असते तर मी मान खाली घातली असती. ते नको इतके चांगले आले आणि पुढचं सगळं त्यापायी झालं.

साल शहात्तर, दिवस थंडीचे. आमची थोरली, त्रिशला, कोल्हापूरला विद्यापीठात एम.एस्सी. करत होती आणि तिचा विषय होता इकॉलॉजी. हा विषय लोकांना समजावून सांगताना माझी फार दमछाक होई. शेजारचे आप्पासो, ज्यांचं सायकलचं दुकान आहे आणि ज्यांना सगळ्याच विषयांत गती आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "मास्तर, ते इकॉनॉमिक्स असंल. पोरीनं स्पेलिंग चुकीचं लिवलंय." मी म्हणालो, तसं नाही, झाडं, जनावरं, पाणी, माणसं यांचे एकमेकांशी संबंध कसे असतात आणि ते कसे टिकवायचे, याचा अभ्यास आहे. आप्पासोंनी थोडा विचार केला. "म्हंजे भाऊबंदकी," ते म्हणाले, "त्याला विद्यापीठ कशाला लागतंय?"

शेवटच्या वर्षाला या मुलांना महिनाभर रानात राहून प्रत्यक्ष काम करावं लागे. त्रिशलेच्या वाट्याला शेकरू आलं. शेकरू म्हणजे मांजराएवढी तांबडी खार. तिची शेपूट अंगापेक्षा लांब असते आणि ती सहसा जमिनीवर पाय ठेवत नाही. सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वर डोंगरात उंबरघळ नावाची वाडी आहे, तिथल्या देवाच्या राईत ही जनावरं आहेत. ती किती आहेत, त्यात नर किती, माद्या किती, पिल्लं किती, हे मोजून आणायचं आणि काम केल्याचा सरपंचाचा दाखला जोडायचा. मोजणी झाली नाही तर परीक्षेला बसायचं नाही. आणि परीक्षा हुकली तर पुढे शिकायचं नाही, हे आमच्या सौभाग्यवतीनं, राजमतीनं, आधीच जाहीर केलं होतं. इचलकरंजीचं एक स्थळ तिच्या मनात भरलं होतं. मुलगा यंत्रमागवाला होता आणि त्याला इकॉलॉजीशी काही देणंघेणं नव्हतं.

"मुलगी एकटी जंगलात जाणार नाही," राजमती म्हणाली.

"मी जातो सोबत," मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाची माया वगैरे तिच्या मनात आलं असावं.

खरी गोष्ट अशी होती की मला सांगली सोडायला निमित्त हवं होतं. त्या साली कुटुंबनियोजनाचा असा धडाका होता की आम्हा मास्तरांनाही नसबंदीच्या ऑपरेशनच्या 'केसेस' आणून द्यायच्या होत्या. संक्रांतीच्या आत प्रत्येकी दोन, नाहीतर पगार अडकणार. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत हे वाचून दाखवलं, चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं आणि नजर माझ्यावर थांबवली. "मगदूम, तुम्हाला मुलं किती?" मी तीन म्हणालो. बोलून गेल्यावर जीभ चावली, पण उपयोग नव्हता. "म्हणजे एक केस तर आपल्या खोलीतच आहे," सर म्हणाले, आणि भूगोलाचे शिक्षक माझ्यापासून जरा सरकून बसले. त्याच संध्याकाळी मी रजेचा अर्ज दिला.

निघताना आप्पासोंनी बऱ्याच सूचना केल्या. बिबट्या दिसला तर छत्री उघडा, साप दिसला तर उघडू नका. वर एक लाल रंगाचा डबा दिला. झाडांना खुणा कराव्या लागतील असं त्रिशला म्हणाली होती. "खडूनं काय हुतंय? दव पडलं की गेला. ह्यो सायकलचा ऑइलपेंट हाय. धा वर्सं जाणार न्हाई." आप्पासोंच्या दुकानातली ही एकच वस्तू सांगितल्याप्रमाणे निघाली.

कऱ्हाड, पाटण आणि मग एका फाट्यावर सोडून पुढे निघून जाणारी एसटी. फाट्यापासून चढ. उंबरघळ ही पंधरा-वीस घरांची वाडी होती. आमची सोय हरणाबाई नावाच्या म्हातारीच्या पडवीत केली होती. सरपंच होते आकाराम, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. मिशा अजून ड्यूटीवर होत्या. त्यांनी आमचं स्वागत केलं, राई दाखवली आणि एकच अट घातली. "राई देवाची हाय. कुराड, कोयता, खिळा, कायबी लोखंड झाडाला लागता कामा न्हाई. रंगाची खूण करा, पर गोल करू नगा. ठेकेदार तोडायच्या झाडाला गोल करत्यात. मानसं बिथरत्यात."

गोल नको म्हटल्यावर त्रिकोण हा ओघानंच आला. टोक वर की खाली, हा प्रश्न होता. इथे माझं शास्त्र कामी आलं. ऑइलपेंट ओघळतो. टोक वर ठेवलं तर खालची आडवी बाजू ओघळांनी बिघडते. टोक खाली ठेवलं तर ओघळ उतरत उतरत टोकात जिरतो आणि कडा साफ राहते. त्रिशला म्हणाली, "आण्णा, नुसता ठिपका चालेल. घरटं असलेलं झाड ओळखता आलं म्हणजे झालं." पण ठिपका देण्यासाठी कुणी सांगलीहून ड्रॉइंग मास्तर नेत नाही. घरटं असलेल्या प्रत्येक झाडावर मी समभुज, लालभडक, टोक खाली असा त्रिकोण काढला. तिचे सर तपासणीला येणार होते, त्यांची वाट चुकू नये म्हणून फाट्यावरच्या मोठ्या धोंड्यावर एक काढला. पायवाटेनं दगडांवर काढत आलो. आणि नमुना म्हणून पहिला काढला होता तो हरणाबाईच्या पडवीच्या खांबावर. आज सांगताना कळतं की फाटा, वाट, पडवी आणि राई अशी ती सरळ रांग झाली होती. तेव्हा मी दोन पावलं मागे सरून नुसता बघत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी वाडीत पुरुष नव्हते.

आधी माझ्या ते लक्षात आलं नाही. मला वाटलं, रानात गेले असतील. पण संध्याकाळी कुणी परत आलं नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आकाराम सरपंचही गायब. दारं अर्धी उघडी, आणि आम्ही दिसलो की ती पूर्ण लागायची. काल चहात गूळ जास्त घालणारी हरणाबाई आज कपबशी लांबूनच सरकवून मागे भिंतीला लागून उभी राहायची.

आमच्या रीती तिला आधीच चमत्कारिक वाटत होत्या. आम्ही जैन. पाणी फडक्यानं गाळून, उकळून प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. हरणाबाईनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "पानी कशापायी उकळता?" मी म्हणालो, जंतू मरतात. "आन दिस असताना जेवता ते?" मी म्हणालो, सवय आहे, पुढे काम असतं. शिवाय मी माझी कंपासपेटी उघडून कर्कटक, दुभाजक आणि पेन्सिलीला टोक करायचा चाकू गरम पाण्यानं धुऊन पडवीत फडक्यावर ओळीनं वाळत घातले होते. रंगाचे डाग राहू नयेत एवढाच माझा हेतू होता.

त्रिशला कामाला लागली. पाणवठ्यावर बाया भेटतात म्हणून ती तिथे गेली. मी छत्री घेऊन मागे. चंद्राबाई म्हणून एक तरुण बाई घागर भरत होती. तिच्या लुगड्याला चार पोरं लटकलेली.

"बाई, इथं पिल्लं किती आहेत, काही अंदाज?" त्रिशलेनं राईकडे हात करून विचारलं.

बाईनं लुगड्याचा घोळ पोरांवर ओढला. "एकच हाय."

"एकच? आणि नर?"

"त्ये न्हाईत. ममईला ग्येलं. कवाच ग्येलं." घोळाखालून चार जोड्या पाय दिसत होते. त्रिशलेला वाटलं, बाई शेकरूंबद्दलच बोलते आहे आणि एक नर मुंबईला गेला म्हणजे बोलण्याची काही रीत असेल. मला काहीच वाटलं नाही. मी घागरीच्या आकाराकडे बघत होतो.

मोजणीचं तर वाटोळं झालं. राईत घरटी होती, पण शेकरू एक घरटं बांधून थांबत नाही, ते चार-पाच बांधतं. त्यामुळे घरट्यांवरून आकडा निघत नाही, जनावरच डोळ्यांनी दिसावं लागतं. आणि जनावर दिसेना. त्रिशला राईच्या कडेच्या खडकावर बसून राही, सकाळी आणि ऊन कलल्यावर. तिच्या तक्त्यात शून्यांची रांग लागली. आठवडा गेला, दुसरा गेला. एकदा पाणी गाळता गाळता पोरगी म्हणाली, "आण्णा, सर म्हणाले होते इथं भरपूर आहेत. मलाच बघता येत नाही का?" आणि फडकं तसंच हातात धरून उभी राहिली. मला इचलकरंजीचा यंत्रमाग खडखडताना ऐकू आला. पोरीचं वर्ष माझ्यादेखत चाललं होतं आणि मी सोबत म्हणून आलेला बाप छत्री धरून उभा होतो.

मग तिला राईच्या आत विडीची थोटकं सापडली. एका ढोलीत भाकरीचे तुकडे. "कुणीतरी आत राहतंय," ती म्हणाली. "म्हणून शेकरू गप्प बसलेत, नाहीतर पलीकडच्या रानात गेलेत. शिकारी असतील." तिचा चेहरा उतरला होता. मी छत्री उचलली. "तू इथंच थांब," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच म्हणत होतो आणि ते बरं जमलं.

दुपार कलली होती. राईत उजेड कमी, पाचोळा घोट्यापर्यंत. माझ्याच पायांचा आवाज मला मोठा वाटत होता. माझा एक त्रिकोण ओलांडला, दुसरा ओलांडला. तिसऱ्यापाशी पोचलो तोच आवाज आला.

"डागदर, म्होरं येऊ नगा."

मी थांबलो. एका खोडामागून कोयता दिसला, मग कोयता धरलेला माणूस. चंद्राबाईचा नवरा जोतिबा, जो मुंबईला गेला होता तो. मग दुसऱ्या खोडामागून एक, तिसऱ्यामागून एक. सगळी वाडी माझ्याभोवती उभी राहिली. दाढ्या वाढलेल्या, डोळे लाल, अंगावर घोंगड्या. पुढे आकाराम हवालदार.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "मी ड्रॉइंग मास्तर आहे. भूपाल मगदूम, सांगली."

"मंग ह्यो तिरकोन कुनी काडला?"

या प्रश्नाला मी घाबरून उत्तर देणं शक्यच नव्हतं. "मी काढला," मी म्हणालो.

"लाल?"

"लाल."

"टोक खाली?"

"खालीच. टोक वर असतं तर ओघळ..." इथे माझी जीभ थांबली. आमच्या शाळेसमोर दवाखान्याची भिंत आहे. तिच्यावर कुणा पेंटरनं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढलाय, टोक खाली. मी रोज शाळेत जाताना त्याच्याकडे बघून म्हणतो, डावी बाजू बोटभर लांब आहे. रोज म्हणतो. तिन्ही बाजू सारख्या असलेला तोच त्रिकोण मी या वाडीच्या झाडाझाडावर काढून ठेवला होता.

मी तिथंच पाचोळ्यात बसलो. शेकरूंच्या मोजणीचं सगळं सांगितलं. पाणी का उकळतो ते सांगितलं, दिवसाउजेडी का जेवतो ते सांगितलं. जोतिबानं मान हलवली. "डागदर असंच ग्वाड बोलत्यात. म्हवऱ्याच्या वाडीत बी कोंबड्यांचं इंजिक्शन म्हणून आलं हुतं. सा जन नेलं." कोयता पुढे धरून तो स्वतः मागे सरत होता. माणूस रागावलेला असता तर मी काही बोललो असतो. तो भ्यायला होता आणि त्याला माझी भीती वाटत होती. माझी भीती आजवर पाचवी ब-च्या वर्गालाही वाटलेली नाही.

तेवढ्यात खालून हाक आली. हरणाबाईचा आवाज, वाडीतून, लांबवलेला. "म्हस आली गंऽ, काळी म्हस आलीऽ." वाडीत काळी म्हैस नव्हती. पाठोपाठ इंजिनाची घरघर ऐकू आली.

"जीप," आकाराम म्हणाले.

फाट्यावरून जाणाऱ्या नसबंदी कॅम्पच्या जीपला धोंड्यावरचा माझा त्रिकोण दिसला होता. मग वाटेवरचे दिसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आता ओरडून जीपला बोलावणार, याची त्यांना खात्री होती. जोतिबानं कोयता उचलला.

मी काय केलं हे मला नंतर आकारामनी सांगितलं, कारण त्या वेळी मला कळत नव्हतं. मी उठलो आणि पळालो. जीपच्या उलट दिशेला. छत्री टाकली, वहाणा टाकल्या, धोतर वर खोचलं आणि कारवीच्या गर्द झुडपात पालथा घुसलो. माझं वय सेहेचाळीस होतं आणि पळण्याचा सराव शाळेच्या संमेलनात लिंबू-चमच्यापुरता. तरी त्या झुडपात माझ्याआधी कुणी पोचलं नाही. मागून बाकीचे येऊन पडले.

झुडपातल्या अंधारात आकारामचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. "मास्तर, तुमाला पोरं किती?"

"तीन," मी म्हणालो.

मिशा थोड्या हलल्या. "मंग आदी नाय का सांगायचं? जोत्या, मास्तरास्नी जागा दे रं. समदे उताणं लेट जाव. हूं की चूं न्हाई."

आम्ही उताणे पडलो. विड्या विझल्या. खोकला दाबला गेला. आणि पुरुषांनी भरलेली ती राई पहिल्यांदाच खरोखर गप्प झाली. वर फांद्यांतून आभाळाचे तुकडे दिसत होते. थोड्या वेळानं एक फांदी हलली. मग पलीकडची. तांबडं काहीतरी एका झाडावरून सुटलं, हवेत लांब झालं आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसलं. जोतिबानं माझ्या दंडावर बोट टोचून वर दाखवलं. आणखी एक आलं. एका मादीनं तोंडात पिल्लू धरून घरटं बदललं. पोरगी ज्याच्यासाठी दोन आठवडे खडकावर बसली होती ते सगळं माझ्या नाकावर चाललं होतं आणि मला तिला हाक मारता येत नव्हती.

माझ्या पाठीखाली मुंगळ्यांचं वारूळ होतं, हे मला याच सुमाराला कळलं.

पावलं वाजली. झुडपाच्या फटीतून दिसलं: पुढे त्रिशला, मागे टोपी घातलेले कॅम्पचे साहेब, त्यांच्यामागे औषधांची पेटी धरलेला शिपाई. माझे त्रिकोण बघत बघत ते सरळ आमच्यापाशी आले होते. हाताच्या अंतरावर थांबले.

"या खुणा कुणी केल्या?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आण्णांनी."

"फार सुबक आहेत." मुंगळे चावत असतानाही मला बरं वाटलं, हे लपवत नाही. "तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

"मी विद्यापीठाकडून आलेय. पॉप्युलेशनचा स्टडी आहे."

त्रिशला खोटं बोलत नाही. लहानपणी बरणीतलं लोणचं सांडलं तरी येऊन सांगायची. पॉप्युलेशन हा तिच्या विषयातला शब्द आहे. शेकरूंचीही असते, मुंग्यांचीही असते. पण साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमचंच काम! मग इथल्या किती झाल्या?"

त्रिशलेनं वर पाहिलं. झाडांवर चहूकडे शेकरं होती. "थांबा," ती म्हणाली. "मोजते."

साहेब थांबले. त्यांना वाटलं, ती आठवते आहे. तिचं बोट हवेत या फांदीवरून त्या फांदीवर फिरत होतं. मुंगळा माझ्या कमरेपाशी पोचला. शेजारी जोतिबानं स्वतःचा हात तोंडात कोंबला होता, खोकला येऊ नये म्हणून. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्याचा दुसरा हात धरला. त्यानं माझा इतका घट्ट धरला की माझी बोटं बधिर झाली.

"अकरा," त्रिशला म्हणाली.

"एवढ्याशा वाडीत अकरा? त्यात पुरुष किती?"

"नर चार."

साहेबांना ही शास्त्रीय भाषा आवडली असावी. "आणि बायका?"

"पाच. दोन पिल्लं आहेत. ती धरायची का?"

"छे छे, वयात बसत नाहीत. नऊ धरू. आणखी कुणी राहिलंय?"

त्रिशलेची नजर खाली आली आणि झुडपातून थेट माझ्या डोळ्यांत शिरली. तिनं मला पाहिलं. आकारामना पाहिलं, जोतिबाला पाहिलं, दाबून धरलेल्या सगळ्या तोंडांना पाहिलं. एवढी वर्षं मी तिला रस्ता ओलांडताना हात धर म्हणून ओरडत आलो होतो. आता मी आडवा पडलो होतो आणि ती उभी होती. मला तिची इतकी भीती आणि इतका अभिमान एकदम कधी वाटला नव्हता.

"मला जी मोजायची होती ती सगळी झाली," ती म्हणाली.

साहेब वळले आणि त्यांचा पाय माझ्या छत्रीवर पडला. छत्रीवर मी स्वतः पांढऱ्या रंगानं, वळणदार अक्षरांत नाव घातलेलं आहे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "बी. ए. मगदूम, ड्रॉइंग मास्तर, सांगली. हेच का तुमचे वडील? यांनीच केलं का हे सगळं?"

"हो. सगळं त्यांच्यामुळेच झालं," त्रिशला म्हणाली. याहून खरं वाक्य तिनं त्या दिवशी उच्चारलं नव्हतं.

"असा माणूस प्रत्येक शाळेत हवा. हे नऊ मी आमच्या तालुक्याच्या आकड्यात मांडतो. तुमच्या विद्यापीठाची हरकत नाही ना?"

"विचारावं लागेल."

"नको, विचारू नका," साहेब घाईनं म्हणाले. छत्री त्यांनी आदरानं खोडाला टेकवून ठेवली. जीपचा आवाज फाट्यापलीकडे गेल्यावर जोतिबा खोकला, आणि इतका खोकला की वरची शेकरं पांगली. आकाराम उठले, कपडे झटकले आणि त्रिशलेला कडक सलाम ठोकला. मी धोतर झटकत राईबाहेर पळालो, पण ते मुंगळ्यांमुळे.

साहेबांच्या कागदावर उंबरघळ उरकलं होतं. त्यानंतर वाडीचे पुरुष घरी राहू लागले आणि शेकरं राईत. ऊन कललं की चार-सहाजण आपणहून येत, राईत उताणे पडत आणि मुक्यानं बोटं वर करत. त्रिशलेचा तक्ता भरला. आकारामनी दाखला दिला, त्यात "काम फौजी शिस्तीत केले" असं लिहिलं. माझे त्रिकोण मात्र पुसता येईनात. रॉकेल मिळेना आणि देवाच्या झाडाला पातं लावायचं नाही. शेवटी हरणाबाईनं बायांना गोळा केलं आणि प्रत्येक त्रिकोणावर शेणाचा हात फिरवला. चंद्राबाई माझ्याकडे बघत, हसत, दोन-दोनदा फिरवत होती. चौघंही पोरं तिच्याभोवती उघड्यावर खेळत होती.

सांगलीला आलो तर शाळेत माझा सत्कार. साताऱ्याकडून मुख्याध्यापकांना कळवण्यात आलं होतं की मगदूम मास्तरांनी दुर्गम भागात नऊ केसेस घडवून आणल्या. नारळ, शाल, टाळ्या. भूगोलाचे शिक्षक पुन्हा माझ्याजवळ सरकून बसले. माझ्या स्वतःच्या तीन मुलांचा विषय कुणी काढला नाही, आणि पुढे निवडणुका जाहीर झाल्या, सरकार बदललं आणि ते सगळंच थंडावलं. त्रिशला पहिल्या वर्गात पास झाली. इचलकरंजीच्या मुलानं दुसरीकडे लग्न केलं.

पण सत्काराच्या त्या दिवशी समारंभ संपल्यावर मुख्याध्यापक मला फाटकाशी घेऊन गेले. "मगदूम, तुमच्या त्रिकोणांची फार तारीफ ऐकली. आपल्या भिंतीवरही एक हवा. इथंच, पालक मुलांना सोडायला येतात तिथं. लाल, टोक खाली." त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला.

फाटकाशी एक माणूस पोराला सायकलवरून उतरवत होता. त्यानं लाल रंगाचा डबा पाहिला आणि पोराचा हात न सोडता तो तसाच थांबला.

मी ब्रश बुडवला. एक बाजू आखूड ठेवली, दुसरी वाकवली, टोक वर नेऊन तिकडे रंगाचा गोळा करून सोडला. खालून ओघळ सुटले. ते घराचं छप्पर असेल किंवा बटाटेवडा असेल. कुणालाही त्याची भीती वाटली नसती.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "मगदूम," ते हळू आवाजात म्हणाले, "हाताला काय झालं तुमच्या?"

"मुंगळे चावले, सर," मी म्हणालो.